एकट्याने पंचवीस वेबसाइट्स सांभाळायच्या कशा? बनवून दिल्यानंतरचं खरं काम समजून घ्या!

"तुमच्या व्यवसायाची वेबसाइट बनवून मिळेल, तीही अगदी कमी दरात!" अशा जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज दिसतात. वेबसाइट बनतेही. पैसे मिळतात, उद्घाटनाची पोस्ट पडते, अभिनंदनाच्या कमेंट्स येतात. खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर.

समजा, दिवाळीच्या तोंडावर शनिवारी रात्री मिठाईच्या दुकानदाराचा फोन येतो, "दादा, साइट उघडत नाहीये, ऑर्डरी थांबल्यात." पासवर्ड कुठल्यातरी जुन्या व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये असतो. डोमेन कुठून घेतलं होतं ते आठवत नाही. एकच साइट असेल तर धावपळ करून वेळ मारून नेता येते. पण डॉक्टर, क्लासवाले, हॉटेलवाले, ट्रॅव्हल्सवाले अशा पंचवीस जणांच्या साइट्स हातात असतील तर?

वेबसाइट बंद पडली की पहिला संशय हॅकरवर जातो. पण अनेकदा कारण साधं असतं, कुणीतरी काहीतरी विसरलेलं असतं. म्हणूनच अनेक साइट्स सांभाळण्याचं काम म्हणजे विसरायला जागाच न ठेवणं. ते कसं करतात, पाहूया.

सुरुवात एका नोंदवहीने

महागडं सॉफ्टवेअर नंतर. आधी एक साधी एक्सेल शीट. प्रत्येक साइटसाठी एक ओळ आणि त्यात डोमेन कुठून घेतलं, कुणाच्या नावावर आहे, कधी संपतं; होस्टिंग कुठे आहे, कधी संपतं; साइट कशावर बनली आहे; बॅकअप कुठे जातो; तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा, एवढं लिहायचं. या शीटमध्ये पासवर्ड मात्र लिहायचे नाहीत, त्यांची जागा वेगळी.

ही शीट नीट असेल तर तुम्ही आजारी पडलात किंवा गावी गेलात तरी दुसरा माणूस काम पुढे नेऊ शकतो.

डोमेन: साइटचा सातबारा

डोमेन म्हणजे साइटचं नाव आणि पत्ता. ते विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदवलं जातं. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत की साइट बंद पडते, आणि त्या नावावरचे ईमेलही बंद पडतात.

हे फक्त छोट्या दुकानदारांचंच होतं असं समजू नका. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट 'पासपोर्ट डॉट कॉम' या डोमेनचे ३५ डॉलर भरायला विसरली. हॉटमेलचं लॉगिन त्यावरच चालायचं, त्यामुळे अनेकांना आपले मेल उघडता येईनात. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या क्रेडिट कार्डवरून ते पैसे भरले, तेव्हा गाडी रुळावर आली!

डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की सहसा सुरुवातीला काही दिवसांची सवलत मिळते आणि नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं. हे दिवस किती, ते डोमेन देणाऱ्या कंपनीवर अवलंबून असतं. त्यानंतर ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ येतो, तेव्हा डोमेन परत मिळतं पण बराच दंड भरून. मग ५ दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं होतं. मधल्या काळात काही कंपन्या अशी डोमेन्स लिलावातही काढतात.

यातला सर्वांत नाजूक मुद्दा मालकीचा. डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदवलं असेल, तर कागदोपत्री मालक तोच ठरतो. उद्या भांडण झालं, किंवा त्याने धंदा बंद केला, तर दुकानदाराच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून डोमेन क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर घ्यायचं आणि आपण फक्त तांत्रिक काम पाहायचं. त्याने क्लायंट सुरक्षित राहतो आणि आपल्यावर आळही येत नाही.

कुलपाचं चिन्ह आणि बदलते नियम

पत्त्याची सुरुवात 'एचटीटीपीएस'ने होते ती एसएसएल सर्टिफिकेटमुळे. हे नसेल तर जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साइटला 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतो. मुदत संपली तर पानभर इशारा येतो आणि ग्राहक तिथूनच परततो.

ही मुदत आता टप्प्याटप्प्याने कमी होत आहे. २०२० पासून सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं असायचं. नव्या नियमांनुसार १५ मार्च २०२६ पासून ही मर्यादा २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. पंचवीस साइट्सची सर्टिफिकेट्स दर दीड महिन्याला हाताने बदलणं कुणालाच जमणार नाही. 'लेट्स एन्क्रिप्ट'सारखी मोफत सेवा वापरून हे काम आपोआप होईल अशी सोय आत्ताच करून ठेवायला हवी.

अपडेट: उशीरही नको, घाईही नको

जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स वर्डप्रेसवर चालतात. म्हणूनच त्यात एखादी फट सापडली की हल्लेखोर एकाच वेळी हजारो साइट्सवर धाड टाकतात.

२६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेसची ४.७.२ ही आवृत्ती आली. तिच्यात एक गंभीर फट बुजवली होती, पण लोकांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून ती गोष्ट १ फेब्रुवारीला जाहीर केली गेली. त्यानंतर काही दिवसांतच अपडेट न केलेल्या साइट्सवरची लाखो पानं हल्लेखोरांनी बदलून टाकली. ज्यांचं अपडेट आपोआप झालं होतं, ते या फटीतून वाचले.

मग सगळं आपोआपच होऊ द्यायचं का? तसंही नाही. छोटी सुरक्षा अपडेट्स आपोआप होऊ द्यावीत. पण ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या साइटवर मोठं अपडेट करताना आधी बॅकअप घ्यायचा, मग साइटच्या नकलेवर, म्हणजे 'स्टेजिंग'वर, ते करून पाहायचं आणि नंतरच खऱ्या साइटवर आणायचं. आणि हो, शुक्रवारी संध्याकाळी मोठं अपडेट करू नका, नाहीतर शनिवार-रविवार दुरुस्तीत जातो!

प्रत्येक साइटवर वेगळं लॉगिन करत बसण्यापेक्षा 'मेनडब्ल्यूपी' किंवा 'मॅनेजडब्ल्यूपी'सारखी साधनं वापरता येतात. सगळ्या साइट्सची अपडेट्स एकाच पडद्यावर दिसतात. पण हा पडदा म्हणजे पंचवीस घरांच्या चाव्यांचा जुडगा असतो. त्यावर पासवर्डशिवाय ओटीपीचं दुसरं कुलूप हवंच.

वर्डप्रेसमध्ये 'मल्टिसाइट' ही सोयही आहे. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट्स चालवता येतात. एकाच कॉलेजच्या वेगवेगळ्या विभागांसाठी ती उत्तम. पण वेगवेगळ्या क्लायंटसाठी टाळलेलीच बरी, कारण एक बिघाड झाला की सगळ्या साइट्स बसतात आणि एखाद्या क्लायंटला बाहेर पडायचं असेल तर त्याची साइट वेगळी काढणं किचकट होतं. सगळ्यांना एकाच होस्टिंग खात्यात कोंबण्यातही हाच धोका आहे. एका साइटला लागलेली कीड बाकीच्यांना लागू शकते.

बॅकअप वेगळ्या घरात

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे 'ओव्हीएच' कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली आणि सुमारे ३६ लाख वेबसाइट्स बंद पडल्याचा अंदाज होता. काहींचे बॅकअपही त्याच आवारात होते, तेही गेले.

यावरचा जुना आणि सोपा नियम आहे ३-२-१. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत आणि त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. होस्टिंग कंपनी 'आम्ही रोज बॅकअप घेतो' म्हणाली तरी आपली एक प्रत दुसरीकडे हवी.

रोज ऑर्डरी येणाऱ्या दुकानाच्या साइटचा बॅकअप रोज, चार पानांच्या माहितीपर साइटचा आठवड्याला एकदा पुरतो. आणि तीन महिन्यांतून एकदा एखादा बॅकअप उघडून त्यातून साइट खरंच उभी राहते का, ते पाहायचं. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

चाव्या कुणाकडे?

सगळीकडे एकच पासवर्ड म्हणजे सगळ्या घरांना एकच किल्ली. पासवर्ड मॅनेजरमध्ये प्रत्येक साइटचा वेगळा, लांबलचक पासवर्ड ठेवा. क्लायंटला, मजकूर टाकणाऱ्याला आणि स्वतःला वेगवेगळी खाती द्या. मदतनीस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा.

पैशांचं आणि जबाबदारीचं आधीच बोला

सोसायटीच्या लिफ्टचं एएमसी असतं, तसंच वेबसाइटचंही असावं. त्यात काय येतं (अपडेट, बॅकअप, देखरेख, महिन्याला ठरावीक छोटे बदल) आणि काय येत नाही (नवी पानं, नवं डिझाइन) हे लिहून घ्या. फोन कधी उचलणार, रात्रीच्या कामाचे वेगळे पैसे का, हेही लिहा. दर महिन्याला काय काम केलं त्याचा एका पानाचा अहवाल पाठवा. नाहीतर "सगळं नीट तर चाललंय, मग पैसे कसले?" हा प्रश्न ठरलेलाच.

कायद्याची बाजूही आहे. 'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार आणि कंपन्यांनी सायबर हल्ल्याची माहिती ६ तासांच्या आत कळवायची असते. साइटवर घुसून मजकूर बदलणं हाही त्यातला एक प्रकार. तेव्हा कळवणार कोण, तुम्ही की क्लायंट, हे करारातच ठरलेलं बरं.

तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर...

वेबसाइट सांभाळणाऱ्याला आजच हे पाच प्रश्न विचारा:

१. डोमेन माझ्या नावावर आणि माझ्या ईमेलवर आहे का?
२. डोमेन आणि होस्टिंग कोणत्या तारखेला संपतं?
३. शेवटचा बॅकअप कधी घेतला आणि तो कुठे आहे?
४. माझ्या साइटवर कुणाकुणाची लॉगिन खाती आहेत?
५. तुम्ही उपलब्ध नसाल तर मी कुणाला फोन करू?

पाचही उत्तरं पाच मिनिटांत मिळाली, तर तुमची साइट चांगल्या हातात आहे. "बघून सांगतो" असं उत्तर आलं, तर आठवड्याभरात नक्की बघून घ्या. आणि तुम्हीच इतरांच्या साइट्स सांभाळत असाल, तर हे प्रश्न क्लायंटने विचारण्याआधी उत्तरं त्याला पाठवून द्या. पुढच्या वर्षीचं एएमसी मागताना तोच कागद कामी येईल.