भिंत पडली, मोहरी टिकली

जर्मनीत बाउट्झन या शहराचे नाव घेतले की जुन्या पिढीला दोन पिवळ्या गोष्टी आठवतात. एक, तेथील कुप्रसिद्ध तुरुंग. पिवळ्या विटांच्या बांधकामामुळे त्याला 'पिवळे दैन्य' असे टोपणनाव पडले होते. दुसरी, अर्थातच अधिक रुचकर, 'बाउट्झनर झेन्फ' ही मोहरीची चटणी.

सॅक्सनी राज्यातील या शहराची मोहरी मध्यम तिखट असते. मोहरी दळून तिच्यात पाणी, व्हिनेगर व मीठ मिसळले जाते. दाणा फुटून ओला झाला की त्यातील एन्झाइम जागे होते आणि झणका निर्माण होतो. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात चढतो तो हाच. पिवळ्या मोहरीचा झणका सौम्य, तर तपकिरी मोहरीचा उग्र असतो.

साम्यवादी पूर्व जर्मनीत ही चटणी घरोघरी होती. नोव्हेंबर १९८९मध्ये बर्लिनची भिंत कोसळली आणि १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचे चलन पूर्वेत लागू झाले. दुकानांच्या फळ्या पाश्चात्त्य मालाने भरून गेल्या. ग्राहकांनीच घरच्या मालाकडे पाठ फिरवली. अनेक कारखान्यांना टाळे लागले, हजारो कामगार रस्त्यावर आले.

बाउट्झनची मोहरी मात्र वाचली. १९९२मध्ये देवेलाय या बव्हेरियातील कंपनीने हा उद्योग विकत घेतला. या कंपनीचे संस्थापक योहान कॉनराड देवेलाय यांनीच १९व्या शतकात म्युनिकमध्ये गोड मोहरी बाजारात आणली होती. तरीही नव्या मालकांनी पूर्वेवर आपली गोडी लादली नाही. बाउट्झनचे नाव राहिले, तिखटपणाही राहिला.

या यशाचे श्रेय अनेकदा गतकाळाच्या ओढीला दिले जाते. पूर्व जर्मनीविषयीच्या या हळवेपणाला जर्मन भाषेत 'ऑस्टाल्गी' असा खास शब्दही आहे. पण केवळ आठवणींवर चटणी वर्षानुवर्षे खपत नाही. उकडलेल्या अंड्यांवर मोहरीचा दाट रस्सा, सोबत बटाटे, हे तिकडचे साधे, स्वस्त जेवण आजही घराघरांत शिजते. त्याला गोड मोहरी चालत नाही.

पूर्व जर्मनीत आजही ही मोहरी आघाडीवर आहे. प्लास्टिकच्या छोट्या डब्यातून ती विकली जाते. तिकडे म्युनिकमध्ये पांढऱ्या सॉसेजसोबत गोड मोहरीच लागते. मालक एकच असला, तरी या दोन चवींची सरहद्द अद्याप पुसली गेलेली नाही.