रंध्याचे कूळ

निर्ण्याहून बीदरच्या किल्ल्यात गेलो की रंगीन महालाच्या कोरीव लाकडी खांबांपाशी आम्ही थबकतो. अली बरीदशाहाच्या (१५४२–१५८०) काळातील ही कारागिरी. ऋग्वेदात त्वष्ट्याच्या हाती वाशी, म्हणजे वाकस, आहे, रंधा नाही. रंधा हे नावच फारसी! देव्हाऱ्याची फळी मात्र दोघांवाचून सिद्ध होत नाही. सोवळे जपणाऱ्या आम्हांस हे कधी सुचलेही नाही.

वाकसाने तासल्यावर रंध्याची पाळी. पाते केसभरच बाहेर काढून पाचर ठोकावी, रंधा उलटा धरून तळावरून नजर टाकावी. धार एकीकडे कलली तर फळीवर चर उमटतो. रेषेविरुद्ध चालविला तर लाकूड उचकटते. मग सुतार निमूटपणे पाते सोडवून निसण्याकडे वळतो.