शांततेची भेट: राम सुतारांचे गांधी

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात वेगवेगळ्या देशांनी शांततेसाठी भेट दिलेली ब्राँझशिल्पं उभी आहेत. तलवार ठोकून तिचा नांगराचा फाळ करणारा, येवगेनी वुचेतिचचा तो दणकट पुरुष सोव्हिएत संघाने १९५९ मध्ये दिला. नळीला गाठ मारलेलं पिस्तूल १९८८ मध्ये लक्झेंबर्गकडून आलं. जॉन लेननच्या खुनाने हादरलेल्या कार्ल फ्रेड्रिक रॉयटर्सवर्डने ते घडवलं होतं. १४ डिसेंबर २०२२ रोजी याच आवारात भारताने दिलेल्या गांधीजींच्या अर्धपुतळ्याचं अनावरण झालं. शांतता सांगायला इथे मोडकं शस्त्रसुद्धा लागत नाही, एक चेहरा पुरतो.

हा पुतळा घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, वडील सुतारकाम करणारे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत त्यांनी अजिंठा-वेरूळच्या भग्न मूर्तींची डागडुजी केली. बुद्धाच्या शांत मुद्रांशेजारी वर्षानुवर्षं काम केलेल्या हातांनी पुढे गांधी घडवले. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीत भारत सरकारने सुतारांनी केलेले गांधींचे अर्धपुतळे अनेक देशांना दिले आणि अशा भेटींची रीत रुळली.

असा पुतळा आधी मातीत घडतो. खरी परीक्षा तिथेच. ओठांची कड जरा चुकली तर माणूस हरवतो. मग प्लॅस्टरचा साचा, त्यात मेणाचा पातळ थर, आत-बाहेर भट्टीला टिकणारं लिंपण. भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत तांबं-कथलाचा तप्त रस ओततात. म्हणून पुतळा आतून पोकळ असतो.

भारताने दिलेल्या अशा पुतळ्यांच्या भेटींतली मला सर्वांत सार्थ वाटते ती हिरोशिमाची. २० मे २०२३ रोजी मोतोयासु नदीकाठी, अणुबॉम्बने उद्ध्वस्त केलेल्या घुमटाजवळ, सुतारांच्याच ४२ इंची गांधींचं अनावरण झालं. बॉम्बमुळे आपली अहिंसेवरची श्रद्धा ढळली नाही, असं गांधीजींनी १९४६ मध्येच ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं. त्या अनावरणाच्या वेळी सुतारांनी वयाची ९८ वर्षं ओलांडली होती आणि त्यांचं काम सुरूच होतं.