दिवेआगरमध्ये भारताचा सामना कुठे दिसतो? एकच डीडी स्पोर्ट्स, पण दोन घरांत दोन चित्रं

दिवेआगरच्या एखाद्या वाडीत भारताचा टी-२० सामना सुरू आहे. एका घरात डीडी फ्री डिशची छत्री आहे, तिथे डीडी स्पोर्ट्सवर सामना दिसतोय. शेजारच्या घरात दरमहा पैसे भरून घेतलेलं खासगी डीटीएच आहे. तिथेही डीडी स्पोर्ट्स लागतं, पण त्यावर दुसराच कार्यक्रम सुरू असतो. साहजिकच घरातले लोक बॉक्स बंद-चालू करून पाहतात, कस्टमर केअरला फोन लावतात. पण बॉक्समध्ये बिघाड नसतो. यामागे कायदा आहे.

नेमका कायदा काय?

२००७च्या एका कायद्यानुसार, राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावंच लागतं. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने या यादीत आहेत. टीव्हीवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा हक्क विकत घेणाऱ्या कंपनीला आणि २५ टक्के प्रसार भारतीला मिळतो.

दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं केबल आणि डीटीएच कंपन्यांना बंधनकारक असल्यामुळे हे सामने त्यांच्याकडेही दूरदर्शनवर दिसू लागले. मग आमच्या वाहिनीचे पैसे कोण भरणार, असा हक्कधारकांचा आक्षेप होता. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि फ्री डिशवरून दाखवायचं, असा निकाल लागला. म्हणजे पैसे न भरणाऱ्याला सामना दिसतो आणि भरणाऱ्याला त्यासाठी आणखी एक वाहिनी घ्यावी लागते! ऐकायला विचित्र वाटतं, पण नियम असा आहे.

आयपीएल मात्र या यादीत नाही.

छत्री कुठे लावायची?

फ्री डिशला मासिक शुल्क नाही, छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच करावा लागतो. दिवेआगरमध्ये खरी अडचण असते ती माड-पोफळींची. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिवेआगरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंश उंचीवर येतो. म्हणजे समुद्राकडे जवळपास पाठ करून वर पाहायचं. त्या रेषेत माडाची झावळी आली की चित्र तुटतं. वाऱ्यात झावळी हलत असेल तर ते येत-जात राहतं आणि दोष उगाच वायरवर जातो. होम-स्टेच्या अंगणापेक्षा गच्ची किंवा मोकळा कोपरा बरा.

पावसाळ्यात आणखी एक त्रास असतो. या छत्र्या केयू बँडवर चालतात आणि मुसळधार सरीत हा सिग्नल क्षीण होतो. खासगी डीटीएचचंही तेच होतं. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं, त्यामुळे भर पावसात छपरावर चढून छत्री हलवू नये. वादळानंतरची गोष्ट वेगळी. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. अशा वाऱ्यात छत्री जागेवर राहिली तरी तिची दिशा बदललेली असू शकते आणि ती पुन्हा लावून घ्यावी लागते.

मोबाइलवर कुठे?

सामन्याचे हक्क यजमान देशाचं मंडळ किंवा स्पर्धेचे आयोजक विकतात, म्हणून अ‍ॅप बदलत राहतं. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि डिझ्नी प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार तयार झालं. २०२५च्या आयपीएलचं थेट प्रक्षेपण त्यावर होतं. त्याच वर्षीचा आशिया चषक मात्र सोनी लिव्हवर होता. त्यामुळे वर्षभराचा प्लॅन घेण्याआधी पुढची मालिका कोणत्या अ‍ॅपवर आहे, हे पाहावं.

एचडीमध्ये तासाला एक जीबीहून जास्त डेटा सहज जातो आणि टी-२० सामना साडेतीन तासांच्या आसपास चालतो. रोजचा दीड जीबीचा पॅक दुसऱ्या डावापर्यंत पुरणं कठीण. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सामना पाहायचा असेल, तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा कमी करावा.

अ‍ॅपवरचं चित्र बहुतेक वेळा टीव्हीच्या काही सेकंद मागे असतं. त्यामुळे शेवटच्या षटकात शेजारच्या फ्री डिशवाल्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो, तेव्हा मोबाइलवर गोलंदाज अजून रनअपच घेत असतो.