लगाम आणि टांच

शिष्याचा कल पाहून गुरूनें आपली शिकविण्याची रीत ठरवावी, कीं गुरूची रीत एकच असावी आणि शिष्यानें तिच्याशीं जुळवून घ्यावें, हा वाद अलीकडच्या मानसशास्त्रानें उत्पन्न केला अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो फार जुना आहे. आणि जुन्यांनीं त्याचा जो विचार केला तो कांहीं बाबतींत नव्यांहून अधिक सावध होता, असें आम्हांस वाटतें.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अथेन्स येथें आयसोक्रेटीस नांवाचा वक्तृत्वाचा गुरु होऊन गेला. एफोरस आणि थिओपॉम्पस हे त्याचे दोन शिष्य. पैकीं पहिल्यास टांच लागते व दुसऱ्यास लगाम, असें तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन आचार्य क्विंटिलियन ह्यानें वक्तृत्वशिक्षणावरील आपल्या बारा भागांच्या ग्रंथांत ही आख्यायिका देऊन मूळ प्रश्नच हातीं घेतला. हा जन्मानें स्पेनचा. रोममध्यें त्यानें सुमारें २० वर्षें अध्यापन केलें आणि त्याबद्दल त्यास सरकारी खजिन्यांतून वेतन मिळे. म्हणजे हा वर्गांत मुरलेला शिक्षक होता.

मुलांच्या बुद्धींत भेद असतात व ते शिक्षकानें ओळखलेच पाहिजेत, हें क्विंटिलियन निःशंकपणें मान्य करितो. परंतु पुढें तो थबकतो. जिकडे मुलाचा ओढा, तेवढेंच त्यास शिकविलें, तर जें त्याच्या ठायीं उणें आहे तें उणेंच राहील. मल्लविद्येचा वस्ताद आपल्या शिष्याकडून एकच आवडता डाव घोटवून घेत नाहीं, सगळे डाव शिकवितो, असा त्याचा दाखला आहे. दुर्बल बुद्धीच्या शिष्यास मात्र त्याच्या कलानें जाऊं द्यावें, एवढी सवलत तो ठेवितो. म्हणजे कलानुसार शिकविणें हा त्याच्या मतें आदर्श नसून नाइलाज आहे.

आमच्याकडील परंपराहि ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. पंचतंत्रांतील विष्णुशर्म्याकडे तीन मंदबुद्धि राजपुत्र आले, तेव्हां त्यानें तिघांसाठीं तीन रीती काढिल्या नाहींत. नीति शिकवावयाची, तर ती गोष्टींतून, ही एकच रीत त्यानें तिघांस लावली. पंतोजींच्या शाळेंत अक्षर धूळपाटीवर हातानें गिरवीत आणि पाढे, पावकी, निमकी तालावर तोंडानें म्हणत. अक्षर हाताचें काम म्हणून हातानें, पाढा जिभेवर बसावयाचा म्हणून जिभेनें. त्या शाळेंतील छडीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण तेथें रीत ठरत असे ती विषयावरून, मुलाच्या जातकुळीवरून नव्हे.

मुलांचे ‘प्रकार’ पाडण्याची हौस मागाहून आली. १८८० साली फ्रान्सिस गाल्टन ह्यानें अनेकांस आपलें न्याहारीचें टेबल मनांत आठवून पाहण्यास सांगितलें. कोणास तें लख्ख दिसलें, कोणास कांहींच दिसेना. ह्या भेदाविषयींचें कुतूहल रास्तच होतें. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे अशा वर्गवाऱ्यांचें पीकच आलें. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग ह्यांनीं त्यांत लिहून-वाचून शिकणाऱ्यांचा चौथा प्रकार घातला. २००४ सालीं इंग्लंडमध्यें फ्रँक कॉफील्ड व त्यांचे सहकारी मोजावयास बसले, तों अशा ७१ पद्धति निघाल्या!

२००८ सालीं हॅरॉल्ड पॅशलर प्रभृति चौघां अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं ह्या सर्व प्रकरणास साधी कसोटी लाविली. ‘पाहणाऱ्या’ व ‘ऐकणाऱ्या’ अशा दोन्ही गटांतील मुलें चिठ्ठ्या टाकून दोन्ही रीतींत वांटावीं, शेवटीं सर्वांची परीक्षा एकच घ्यावी, आणि पहिल्या गटास एक रीत व दुसऱ्यास दुसरी खरोखरच अधिक फळते काय, तें पाहावें. ह्या कसोटीस उतरणारा भक्कम पुरावा त्यांस मिळाला नाहीं. मुलांस आवडीनिवडी असतात. पण आवडीची रीत तीच फलदायी, हें कांहीं सिद्ध होत नाहीं.

मग शिक्षकानें मुलांकडे पाहूंच नये काय? अवश्य पाहावें. अंध मुलास ब्रेलची लिपि द्यावीच लागते. ती गरज आहे, आवड नव्हे. मुलास आधीं किती येतें, तें कोठें अडतें, त्यास टांच हवी कीं लगाम, हें ओळखल्यावांचून अध्यापन होतच नाहीं. परंतु आठ वर्षांच्या मुलाच्या कपाळीं ‘हें वाचून शिकणारें नव्हे’ असा शिक्का मारणें म्हणजे त्याच्या हातांतील पुस्तक काढून घेणें होय. मुलींचा कल गणिताकडे नसतो असें म्हणून आमच्या घरोघरीं किती वह्या अकालीं मिटल्या, ह्याचा हिशेब कोणीं ठेविला आहे? तेव्हां मुलाचा कल पाहणाऱ्या आईबापांनीं व शिक्षकांनीं तो पाहून थांबूं नये. जो डाव त्यास येत नाहीं, तोहि शिकविण्याची जबाबदारी आपलीच आहे, हें क्विंटिलियनचें सांगणें ध्यानांत ठेवावें.