एका फुटाचे अंतर

पवारांच्या मागोमाग धार-देवासकडे आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत पराक्रमाचा विषय निघाला की बोलणे हमखास पानिपतावर जाते. तेव्हा इतिहासाच्या मास्तराने एका धावपटूवर लिहावे, हे कुणास चमत्कारिक वाटेल. पण हाही इतिहासच आहे, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत घडला.

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे. जन्म १९९४ चा. घरची शेती कोरडवाहू, आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर दूर आणि वाहन नाही. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. या रेजिमेंटचे केंद्र आपल्याच मध्यप्रदेशात, सागरला आहे. सियाचीनचे बर्फ आणि राजस्थानची वाळू अनुभवून झाल्यावर, म्हणजे विशीत, ते खऱ्या अर्थाने शर्यतीकडे वळले. आमच्याकडे दहावीतच मुलाचे ‘वय गेले’ म्हणणारे पालक भेटतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले.

त्यांची शर्यत तीन हजार मीटरची स्टीपलचेस. अठ्ठावीस वेळा अडथळा ओलांडायचा आणि शिवाय सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. अडथळा पक्का असतो, पाय लागला तरी पडत नाही. पडतो तो माणूस. गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे टिकला होता. २०१८ साली भुवनेश्वरला साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत तो मोडला. पुढे ते स्वतःचेच विक्रम मोडत गेले. २०१९ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्यांना अडथळा झाला. भारताची तक्रार मान्य होऊन त्यांना अंतिम फेरीत घेण्यात आले, आणि तेथे त्यांनी ८:२१.३७ अशी वेळ देऊन पुन्हा नवा विक्रम केला. मिळालेल्या सवलतीचे असे चीज क्वचितच होते.

मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते २०२२ चे बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची पदके कित्येक वर्षे केनियाबाहेर गेलेली नव्हती. साबळे ८:११.२० मध्ये दुसरे आले. सुवर्ण घेणारा अब्राहम किबिवोट अवघ्या पाच शतांश सेकंदाने पुढे होता. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गणित मांडले. तीन हजार मीटरला ४९१ सेकंद, तर पाच शतांशाला किती? उत्तर सुमारे तीस सेंटिमीटर. मागच्या बाकावरच्या एकाने कंपासपेटीतली पट्टी वर केली आणि म्हणाला, “सर, बस इतना?” सगळा वर्ग त्या पट्टीकडे पाहत राहिला.

२०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ८:१९.५० मध्ये सुवर्ण आणि पाच हजार मीटरमध्ये रौप्य मिळवले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१ अशी वेळ दिली. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी! त्याच शहरात महिनाभराने ऑलिंपिकची अंतिम फेरी झाली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. मी जागा होतो. ते अकरावे आले. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेले ते पहिले भारतीय पुरुष.

२०२५ च्या मे महिन्यात गुमीला त्यांनी आशियाई विजेतेपद मिळवले आणि जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीवर ते पडले. गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. बातमी कळली तेव्हा पट्टीवाला मुलगा शाळा सोडून गेलेला होता. बाजारात भेटल्यावर त्याने पहिला प्रश्न त्या गुडघ्याचाच विचारला.