संवेष्टन, शाश्वत : सातारा व सांगली जिल्ह्यांतील आर्थिक बाजू

शाश्वत संवेष्टन म्हणजे मालाचे नीट रक्षण करणारे आणि ते काम संपल्यावर पुन्हा वापरता येणारे, भंगारात किंमत मिळवणारे किंवा मातीत मिसळून जाणारे वेष्टन. त्यात प्लॅस्टिक नसणे ही त्याची कसोटी नव्हे. वर्षानुवर्षे बाग ते पॅकहाऊस अशा फेऱ्या करणारे प्लॅस्टिकचे क्रेट एकदाच वापरून फेकलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यापेक्षा या व्याख्येत अधिक बसते. सातारा-सांगलीचा व्यापार द्राक्ष, बेदाणा, हळद, साखर, दूध आणि स्ट्रॉबेरी यांवर उभा आहे. तेथे शाश्वत वेष्टनाकडे वळण्याचा हिशेब बहुधा पेटीच्या दरापाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. हा हिशेब अपुरा आहे. वाटेत किती माल खराब झाला, ज्या बाजारात तो उतरला तेथे वेष्टनावर कोणता कर बसला आणि रिकाम्या वेष्टनाचा भार कोणावर पडला, हे धरल्यावरच वेष्टनाची खरी किंमत कळते.

द्राक्षाच्या निर्यातीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या भागांतील द्राक्षे युरोपला जातात तेव्हा साधारणपणे अर्ध्या किलोचे दहा प्लॅस्टिक पनेट (छोटे डबे) पाच किलोच्या पेटीत बसवतात. सोबत लायनर, बबल शीट आणि बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड असतो. म्हणजे पेटी पुठ्ठ्याची, पण ग्राहकाच्या हाती पडते ते प्लॅस्टिक. ब्रिटनने १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांपेक्षा कमी पुनर्वापरित अंश असलेल्या प्लॅस्टिक वेष्टनावर टनामागे २०० पौंडांचा कर लावला आणि पुढे तो वाढवला. तो आयातदार भरत असला तरी भावाच्या घासाघिशीत तो बागायतदारापर्यंत झिरपतो. युरोपीय संघाचा २०२५ मध्ये अमलात आलेला वेष्टन-नियम त्याहून कडक आहे: दीड किलोपेक्षा कमी वजनाची ताजी फळे-भाजी एकदाच वापरण्याच्या प्लॅस्टिकमध्ये आधीच बांधून विकण्यावर १ जानेवारी २०३० पासून बंदी येईल. माल सुकण्याचा, दबण्याचा किंवा त्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका असेल तेथे सदस्य देश सूट देऊ शकतात. पण आज लावलेली द्राक्षबाग २०३० नंतरही अनेक वर्षे फळ देणार आहे. तिचे अर्थकारण परक्या देशाच्या सवलतीवर सोडणे शहाणपणाचे नाही.

यावर पॅकहाऊसवाल्यांचा आक्षेप रास्त आहे. शून्य अंशाजवळ आणि नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत पुठ्ठा ओल धरतो आणि त्याची ताकद घटते. समुद्रप्रवास काही आठवड्यांचा असतो, आणि तळातील पेटी बसली तर कंटेनरमधील थप्पीच झुकते. सडलेल्या द्राक्षाबरोबर त्यावरचे पाणी, खत, फवारणी आणि मजुरीही वाया जाते, म्हणून कमकुवत कागदी पनेटला शाश्वत म्हणता येत नाही. मात्र या आक्षेपातून निघतो तो चाचणीचा आग्रह. जुन्याला चिकटून राहण्याचे कारण त्यातून मिळत नाही. बिजागरीच्या झाकणाऐवजी वरून पातळ फिल्म सील केलेला पनेट प्लॅस्टिकचे वजन कमी करतो. तो बंदीवरचा अंतिम तोडगा नव्हे, पण वजनावर कर लागणाऱ्या बाजारात वाचलेला प्रत्येक ग्रॅम हा पैसाच आहे. ताकदीच्या क्राफ्ट कागदाची पेटी आणि पुठ्ठ्याचे पनेट थोड्या कंटेनरांवर आताच तपासून पाहणाऱ्याला २०३० मध्ये घाई करावी लागणार नाही.

महाबळेश्वर-पाचगणीची गोष्ट वेगळी. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या तिथल्या स्ट्रॉबेरीला पुणे-मुंबई गाठायला काही तास पुरतात, आणि बरीचशी रस्त्याकडेलाच पर्यटकांना विकली जाते. इतक्या छोट्या प्रवासाला कागदाच्या लगद्याचा साचेबंद ट्रे पेलतो. शिवाय हा भाग जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि रिकामे पनेट ज्या डोंगरउतारांवर पडतात तेच उतार पाहायला गिऱ्हाईक येते. स्वतःचेच भांडवल खराब करणारे वेष्टन कितीही स्वस्त असले तरी महागच.

साखरेत मात्र बदलाची बाजू लंगडी आहे, हे मान्य करावे लागते. १९८७ च्या ताग वेष्टन कायद्याखाली साखरेचा २० टक्के हिस्सा तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती होत आली, तरी कारखान्यांचा कल प्लॅस्टिकच्या पोत्यांकडेच राहिला. तागाचे पोते महाग, आणि मोठे खरेदीदार त्यातील तंतू व तेलाच्या वासाची तक्रार करतात. सक्तीने मागणी निर्माण होते, नफा होतोच असे नाही. उसाच्या बगॅसपासून (चिपाडापासून) ट्रे करण्याची कल्पनाही वाटते तितकी फुकटची नाही. तोच बगॅस सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये जळून कारखान्याला उत्पन्न देतो, तेव्हा ट्रेला त्या विजेशी स्पर्धा करावी लागते.

हळद पूड आणि बेदाण्याच्या किरकोळ पाकिटांचा प्रश्न सर्वांत अवघड. सांगलीची हळद पोत्यांतून आणि बेदाणा पुठ्ठ्याच्या पेट्यांतून सौद्याला येतो, तिथवर फारसे बिघडत नाही. पण पुडीचा रंग आणि वास टिकवायला ओल, प्रकाश व हवा अडवणारे बहुस्तरीय पाकीट लागते, आणि एकमेकांना चिकटलेले ते थर भंगारवाला घेत नाही. ‘कंपोस्टेबल’ पिशवी हा त्यावरचा सोपा वाटणारा उपाय, पण तिला औद्योगिक खतप्रकल्पाची उष्णता लागते. तो जवळ नसेल तर ती कचऱ्यात जाते आणि प्लॅस्टिकमध्ये मिसळून पुनर्वापरही बिघडवते. दुधाच्या पिशवीत मात्र एक चांगली दिशा आहे. राज्याच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती किमान ५० मायक्रॉन जाडीची असावी आणि तिच्यावर किमान ५० पैसे परतखरेदी किंमत छापावी असे ठरवले. दुकानावर पैसे परत देण्याची पद्धत फारशी रुजली नाही, पण एकाच पदार्थाची, जाड, स्वच्छ पिशवी भंगारात विकली जाते. हळदीच्या पाकिटालाही एकाच कुळातील प्लॅस्टिकचे थर वापरून या वाटेने नेता येईल. केंद्राच्या २०२२ च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या नियमांनी लवचीक प्लॅस्टिकमध्ये पुनर्वापरित अंशाचे लक्ष्य २०२५-२६ साठी १० टक्के आणि २०२८-२९ साठी २० टक्के ठेवले आहे. अन्नाला स्पर्श करणाऱ्या वेष्टनाला त्यातून सूट मागता येत असली, तरी ते गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकावर उरते, आणि ती एकाच पदार्थाच्या पाकिटाने स्वस्तात पार पडते.